तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश

मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या नावांखाली एक ओळ बहुधा असतेच : रोज अर्धा-पाऊण तास चालावे. त्या दिवसापासून घरातील वडीलधारी मंडळी पायांत बूट घालून पहाटे बाहेर पडू लागतात. मैदानाला चार फेऱ्या होतात, तळ्याला वळसा घातला जातो, नाहीतर गावाबाहेरच्या देवळापर्यंत जाऊन येणे होते. वाटेत समवयस्क भेटतात, गावच्या राजकारणापासून नातवंडांच्या परीक्षेपर्यंत गप्पा रंगतात. चार-सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले जाते आणि साखरेचा आकडा होता तेथेच असल्याचे दिसते. मग गोळी तरी वाढते, नाहीतर चालण्यावरचा विश्वास तरी उडतो.

नियमाने चालूनही लाभ का होत नाही, हा प्रश्न असा घरोघरचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे काम गेल्या सुमारे पाव शतकात जपान, डेन्मार्क, नॉर्वे व कॅनडा या देशांतील संशोधकांनी केले. चालण्याची वेळ फारशी न वाढविता केवळ गतीत बदल केला, म्हणजे काही मिनिटे झपझप आणि काही मिनिटे सावकाश असे आलटून-पालटून चालले, तर त्याच चालण्याचा शरीरावर होणारा परिणाम पुष्कळच वेगळा असतो, असे या कामातून दिसून आले. या पद्धतीस 'इंटर्व्हल' व्यायाम म्हणतात. मराठीत तिला विरामयुक्त व्यायाम म्हणता येईल. मात्र हा विराम म्हणजे बाकावर बसणे नव्हे. जोराच्या दोन टप्प्यांमध्ये सावकाश चालत राहून घेतलेला तो विसावा होय.

ही कल्पना मूळची धावपटूंची. जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइनडेल यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला. पुढे झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने तर ४०० मीटरच्या असंख्य जलद फेऱ्या आणि त्यांच्यामध्ये थोडे सावकाश धावणे एवढाच सराव वर्षानुवर्षे केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. परंतु विक्रमवीरांना जे मानवले, ते साठी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला झेपेल, असे दीर्घकाळ कोणाच्या मनात आले नाही. व्यायामाचा हा प्रकार क्रीडांगणाबाहेर आला तो एका जपानी शहरात.

मात्सुमोतोचा प्रयोग

जपानच्या नागानो प्रांतात डोंगरांनी वेढलेले मात्सुमोतो नावाचे शहर आहे. तेथील नगर प्रशासन आणि शिन्शू विद्यापीठ यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रौढ व वृद्ध नागरिकांसाठी व्यायामाचा एक उपक्रम हाती घेतला. जपानमध्ये वृद्धांचे प्रमाण झपाट्याने वाढत होते आणि त्यांच्या औषधोपचाराचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडत होता. या उपक्रमाची शास्त्रीय बाजू विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. हिरोशी नोसे यांनी सांभाळली.

त्या देशात दिवसाला दहा हजार पावले चालण्याचा दंडक तोपर्यंत सर्वमान्य झाला होता. आज आपल्याकडेही मनगटावरील घड्याळे हाच आकडा दाखवितात. त्याचा उगम मात्र कोणत्याही प्रयोगशाळेतला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' या अर्थाचे ठेवले. तो आकडा लोकांच्या तोंडी बसला. पावले किती झाली हे त्यातून कळते, ती कशी पडली हे कळत नाही. मात्सुमोतोच्या संशोधकांनी नेमके या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष दिले.

२००४ च्या मे ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत त्यांनी २४६ नागरिकांवर एक प्रयोग केला. त्यांपैकी १८६ स्त्रिया होत्या आणि सर्वांचे सरासरी वय ६३ वर्षे होते. त्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाने आपला नित्यक्रम तसाच ठेवला. दुसऱ्याने एकसारख्या, मध्यम गतीने दिवसाला किमान ८,००० पावले चालावे असे ठरले. तिसऱ्या गटाने तीन मिनिटे झपझप व तीन मिनिटे सावकाश अशा किमान पाच जोड्या करावयाच्या होत्या. दोन्ही चालणाऱ्या गटांना आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस हा क्रम पाळावयाचा होता. झपझप म्हणजे किती, तेही निश्चित होते : ज्याची जेवढी सर्वोच्च क्षमता असेल, तिच्या ७० टक्क्यांहून अधिक. सावकाश म्हणजे त्याच क्षमतेच्या सुमारे ४० टक्के.

प्रयोगाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आलटून-पालटून चालणाऱ्या गटात गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची शक्ती १३ टक्क्यांनी, तर तो वाकविणाऱ्या स्नायूंची १७ टक्क्यांनी वाढली होती. परिश्रमाच्या कळसाला शरीर दर मिनिटास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापाने शारीरिक क्षमता मोजतात. तीही आठ-नऊ टक्क्यांनी वाढली आणि रक्तदाब उतरला. एकसारख्या गतीने चालणाऱ्यांत हे लाभ फारच कमी होते. पावलांचा हिशेब त्यांचाही चोख होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे २०१९ मध्ये याच संशोधकांनी ६७९ जणांच्या पाच महिन्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शारीरिक क्षमता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली होती. रक्तदाब, रक्तातील साखर, मेद व वजन यांवरून ठरविलेला जीवनशैलीजन्य विकारांचा निर्देशांक १७ टक्क्यांनी घटला होता. हा लाभ कशाशी निगडित आहे हे पाहता असे दिसले की, तो आठवड्यातील एकूण चालण्यापेक्षा त्यातील झपझप चालण्याच्या मिनिटांशी जुळतो. आठवड्याला अशी सुमारे ५० मिनिटे झाली की लाभ जवळजवळ पूर्ण पदरात पडतो, त्यापुढे तो फारसा वाढत नाही. तीन मिनिटांच्या पाच खेपा म्हणजे पंधरा मिनिटे, असे आठवड्यातून चार दिवस केले की साठ मिनिटे होतात. एवढ्यात काम भागते.

कोपनहेगनची कसोटी

मात्सुमोतोचे नागरिक बहुतांशी निरोगी होते. ज्यांना मधुमेह जडलेला आहे त्यांचे काय, हा प्रश्न डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील संशोधकांनी हाती घेतला. त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता, प्रौढ वयात उद्भवणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे अवघे ३२ रुग्ण. पण त्याची मांडणी अशी काटेकोर होती की तिचा थोडा विस्ताराने परिचय करून घेणे इष्ट ठरेल.

या रुग्णांपैकी बारा जणांनी एकसारख्या गतीने चालावयाचे होते, बारा जणांनी तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यांनी, आणि उरलेल्या आठ जणांनी काहीच नवे करावयाचे नव्हते. चालणाऱ्या दोन्ही गटांनी आठवड्यातून पाच दिवस, रोज साठ मिनिटे, असे चार महिने चालावे असे ठरले. चालणे दवाखान्यातील पट्ट्यावर नव्हते. ज्याने-त्याने आपापल्या परिसरात, आपल्या सोयीने चालावयाचे होते. हालचाल व नाडीचे ठोके टिपणारी छोटी यंत्रे अंगावर दिलेली होती. दोन्ही गटांनी खर्च केलेली एकूण ऊर्जा आणि त्यांच्या परिश्रमाची सरासरी जवळजवळ सारखी राखण्यात आली. त्यामुळे एका गटाने अधिक श्रम केले म्हणून त्याला अधिक लाभ झाला, असे म्हणण्यास जागा उरली नाही. फरक होता तो श्रमाच्या वाटणीत.

चार महिन्यांनंतर टप्प्यांनी चालणाऱ्यांची शारीरिक क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यांचे वजन सरासरी चार किलोंहून अधिक उतरले होते. पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठणारी चरबीही कमी झाली होती. त्वचेखाली बसविलेल्या संवेदकाने अहोरात्र मोजलेल्या साखरेची सरासरी खाली आली आणि जेवणानंतर उसळणारे तिचे शिखरही बसले. एकसारख्या गतीने चालणाऱ्या गटात यांपैकी काहीही बदलले नाही. अजिबात न चालणाऱ्या गटाची साखर मात्र चार महिन्यांत वाढली होती. याचा अर्थ संथ चालणारे निदान मागे तरी गेले नव्हते. रोजच्या फेरीवर निराश होऊन ती सोडून देणाऱ्यांनी हा शेवटचा तपशील दृष्टीआड करू नये.

वजनाच्या बाबतीत थोडे तारतम्य ठेवावे लागेल. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे स्थूलता, उच्च रक्तदाब व वाढलेली साखर असे विकार एकत्र असलेल्या ३२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे चढाच्या पट्ट्यावर चार-चार मिनिटांच्या चार जोरदार खेपा आठवड्यातून तीनदा करवून घेतल्या गेल्या. सोळा आठवड्यांत या गटाची शारीरिक क्षमता ३५ टक्क्यांनी, तर एकसारखा व्यायाम करणाऱ्यांची १६ टक्क्यांनी वाढली. वजन मात्र दोन्ही गटांत दोन ते साडेतीन किलोंच्या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखेच उतरले. तेव्हा टप्प्यांचा व्यायाम हा वजन उतरविण्याचा हमखास तोडगा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च झालेली ऊर्जा एका बटाटेवड्याने भरून निघते. वजनाचा प्रश्न प्राधान्याने ताटातच सुटतो. वजन फारसे न हलताही साखर, रक्तदाब व दम यांत सुधारणा होऊ शकते, हे या व्यायामाचे खरे वैशिष्ट्य होय.

स्नायूंची कोठारे

असे का घडते, हे समजण्यासाठी जेवणानंतर साखर कोठे जाते ते पाहिले पाहिजे. इन्शुलिनच्या साहाय्याने रक्तातून बाहेर पडणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा हातापायांच्या, विशेषतः मांड्यांच्या, स्नायूंत जातो. तेथे ती ग्लायकोजेनच्या रूपाने साठविली जाते. स्नायूंच्या पेशींत ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन असते. एरवी हे वाहक पेशीच्या आत पडून असतात, किनाऱ्यापासून दूर बांधून ठेवलेल्या होड्यांसारखे. इन्शुलिनचा निरोप आला की त्या काठाला येतात आणि साखर आत उतरवून घेतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन असते, पण हा निरोप नीट पोहोचत नाही. स्थूलतेत स्नायूंत व यकृतात मेद साठू लागला की ही बधिरता आणखी वाढते.

निसर्गाने आणखी एक वाट ठेवलेली आहे. स्नायू जोराने आकुंचन पावू लागला की इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता हेच वाहक काठाला येतात. ज्या रुग्णाच्या शरीरात इन्शुलिनचे ऐकले जात नाही, त्याच्याही स्नायूंत ही वाट बहुतांशी शाबूत असते. औषधाइतके मोल व्यायामाला येते ते यामुळे.

गतीचा संबंध येथेच येतो. रमतगमत चालताना स्नायूंतील संथ काम करणारे तंतूच प्रामुख्याने राबतात. जलद आकुंचन पावणारे तंतू बव्हंशी विसावलेले असतात, आणि त्यांच्यातील ग्लायकोजेनची कोठारे भरलेलीच राहतात. भरलेल्या कोठारात नवे धान्य टाकायचे कोठे? पावलांचा वेग वाढला, चढ लागला, दम लागू लागला की हे तंतू कामाला जुंपले जातात आणि त्यांची कोठारे रिती होऊ लागतात. पुढील जेवणातील साखरेला मग जागा मिळते. त्याखेरीज श्रमाच्या या वाढत्या मागणीमुळे पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रेही काही आठवड्यांत वाढतात.

कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रत्यक्ष स्नायूचा तुकडा तपासून पाहण्यात आले. मधुमेहाच्या आठ रुग्णांनी दोन आठवड्यांत फक्त सहा वेळा व्यायाम केला. सायकलवर एक मिनिट जोर, एक मिनिट विसावा, अशा दहा खेपा. अहोरात्र मोजलेल्या साखरेची सरासरी दर डेसिलिटरला सुमारे १३७ मिलिग्रॅमवरून ११९ मिलिग्रॅमवर आली, आणि स्नायूंतील ग्लूट-४ वाहक कितीतरी पटींनी वाढले होते. आठ रुग्णांवरून साऱ्या जगाला लागू पडेल असा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. बदल कोठे आणि किती लवकर घडतो, याचा अंदाज मात्र त्यावरून येतो.

मग सलग पंधरा मिनिटे झपझपच का चालू नये? बहुतेक स्थूल व प्रौढ व्यक्तींना ते जमत नाही, हे याचे सरळ उत्तर आहे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला श्वास पुरत नाही, पोटऱ्या भरून येतात आणि गती आपोआप मंदावते. मधल्या तीन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो, साचलेला थकवा ओसरतो आणि पुन्हा तेवढाच जोर करता येतो. एका दमात न पेलणारा भार पाच हप्त्यांनी फेडला जातो. म्हणून सावकाश टप्पा हा व्यायामाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. तो वगळून फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

आपल्या शरीराची ठेवण

या संशोधनाचे महत्त्व आपल्याकडे अधिक आहे, याची दोन कारणे सांगता येतील. पहिले संख्येचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली असून आणखी सुमारे साडेतेरा कोटी व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज त्यात देण्यात आला. सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले.

दुसरे कारण शरीराच्या ठेवणीचे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय जगापुढे मोठ्या मार्मिकपणे मांडला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा दोघांचा निर्देशांक अगदी एकच होता, २२.३. तपासणीत मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. दिसावयास सडपातळ, पण आत चरबी अधिक व स्नायू कमी, ही भारतीयांची ठेवण जन्मतःच दिसते, हेही पुणे परिसरातील नवजात बालकांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवून दिले आहे. 'मी कुठे जाड आहे?' असे म्हणून निश्चिंत राहण्याची सोय आपल्याला नाही. भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन अधिक आणि २५ च्या वर गेला की स्थूलता, असे मानले जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. ज्याच्याजवळ साखर साठविणारे स्नायूच कमी आहेत, त्याने आहेत ते स्नायू पुरेपूर कामाला लावणे ओघाने आलेच.

व्यायामाचा गुण आपल्या लोकांनाही येतो, हे सिद्ध झालेले आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (२००६) तीन वर्षांत नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह जडला. आहार व चालणे यांवर भर दिलेल्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. ते चालणे टप्प्यांचे नव्हते, साधेच पण भरभर होते.

प्रत्यक्ष चालताना

ज्यांना ही पद्धत सुरू करावयाची असेल त्यांनी आधी रक्तदाब, साखर व हृदय यांची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व आयुष्मान आरोग्य मंदिरांत तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाब यांसाठी तपासणी केली जाते. चाळिशीनंतरच्या मधुमेहींनी, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी, हृदयाची तपासणी टाळू नये. मधुमेहात हृदयविकाराची छातीतील कळ कित्येकदा जाणवतच नाही. तिच्याऐवजी नुसता अवाजवी दम लागतो.

आरंभी पाच मिनिटे नेहमीच्या चालीने चालावे. मग तीन मिनिटे गती वाढवावी. पावले लांब टाकावीत, हात कोपरांत वाकवून पुढे-मागे हलवावेत, नजर समोर ठेवावी. गती योग्य आहे की नाही, हे ओळखण्यास यंत्राची गरज नाही. झपझप टप्प्यात सोबत्याशी दोन-चार शब्द बोलता यावेत, पण सबंध वाक्य एका श्वासात पुरे करता येऊ नये. गाणे गुणगुणता येत असेल तर गती कमी आहे, आणि एक शब्दही फुटत नसेल तर ती फाजील आहे. सावकाश टप्प्यात गप्पा मारण्यास हरकत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके दबलेले राहतात, म्हणून नाडीपेक्षा श्वासाची ही खूण अधिक भरवशाची.

वेळ घड्याळावर पाहावी. ज्याला ते कटकटीचे वाटेल त्याने पावले मोजावीत. तीन मिनिटांच्या झपझप चालण्यात साधारणपणे साडेतीनशे पावले पडतात. नेहमीची वाट असेल तर एकदा घड्याळ लावून तीन मिनिटांच्या खुणा ठरवून घ्याव्यात : पिंपळापासून शाळेच्या फाटकापर्यंत जोरात, तेथून पाण्याच्या टाकीपर्यंत आरामात. पहिल्या दोन आठवड्यांत एका मिनिटाच्या तीन-चार खेपाच पुरेत. हळूहळू तीन मिनिटांच्या पाच खेपांपर्यंत जावे. गुडघे दुखत असल्यास सायकल चालवून किंवा पाण्यात चालून तोच क्रम साधता येतो. सूर्यनमस्कारांची भरभर आवर्तने व मध्ये थोडा विसावा हेही याच तत्त्वात बसते, मात्र वर दिलेले आकडे चालण्याच्या व सायकलच्या प्रयोगांतील आहेत. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात हे सारे उन्हे चढण्यापूर्वी उरकावे.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण नेहमी पुढे येते. दिवसभर घरात राबत असताना निराळे चालणे कशाला, असे त्यांना वाटते, आणि घरातील इतरांनाही ते सोयीचे वाटते. घरकामात श्रम निश्चितच होतात, परंतु त्यांत सलग तीन मिनिटे दम लागेल असे काम क्वचितच असते. अर्ध्या तासाची मोकळीक आणि चपलेऐवजी टाचेला धरून बसणारे बूट, एवढी सोय त्यांच्यासाठी झाली पाहिजे.

इन्शुलिनची टोचणी किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी फार खाली येऊ शकते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे होत. अशांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी, एकट्याने दूर जाऊ नये आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे. उलट, फार जोराच्या व्यायामानंतर लगेच साखर मोजली तर ती थोडी वाढलेलीही दिसते. श्रमाच्या वेळी स्रवणाऱ्या ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडते, म्हणून असे होते. थोड्या वेळाने ती उतरते, घाबरून जाण्याचे कारण नाही. डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असल्यास मात्र जोराच्या श्रमाने रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेथे नेत्रतज्ज्ञांच्या अनुमतीवाचून ही पद्धत सुरू करू नये. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी घरी परतल्यावर मोजे काढून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या व टाचा रोज पाहाव्यात. फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत चालणे थांबवावे.

एका दिवसाच्या व्यायामाने स्नायूंची इन्शुलिनला मिळणारी साथ सुधारते, ती साधारण एक ते दोन दिवस टिकते. म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. मात्सुमोतोत यासाठी एक व्यवस्था करण्यात आली होती. दर दोन आठवड्यांनी नागरिक आपले यंत्र घेऊन जवळच्या केंद्रावर जात. त्यातील नोंदी संगणकावर उतरवून किती मिनिटे झपझप चालणे झाले याचा आलेख त्यांच्या हाती दिला जाई, आणि तो समोर ठेवून केंद्रातील कार्यकर्ते त्यांच्याशी बोलत. आपल्याकडे तेच काम शंभर पानी वहीने होऊ शकेल. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात झपझप चालण्याची मिनिटे आणि आठवड्याच्या शेवटी बेरीज. दर महिन्याला त्याखाली वजन व कमरेचा घेर लिहावा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी होईल तेव्हा तोही आकडा त्याच पानावर नोंदवावा आणि ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी वाढवायची की तीच ठेवायची, हे ठरविताना डॉक्टरांना तिचा उपयोग होईल.